पिकअपचं इंजिन: ताकद किती आणि दम किती

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. डेन्व्हरजवळ अरोरात राहणाऱ्या एका गृहस्थांना ७५ ते ८० हजार डॉलरच्या आत दणकट, वेगवान पिकअप घ्यायचा आहे. त्यांच्यासमोर तीन गाड्या आहेत: वापरलेला रॅम टीआरएक्स (६.२ लिटर व्ही-८, सुपरचार्जर), नवा रॅम आरएचओ (३ लिटर, एका रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बो) आणि थोडा वापरलेला फोर्ड रॅप्टर (३.५ लिटर व्ही-६, दोन टर्बो). रोज ऑफिसला वीस मैल, महिन्या-दोन महिन्यांनी युटातल्या मोआबचे खडकाळ रस्ते, आणि उन्हाळ्यात मागे कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर. तो सामानासकट ६,२०० पौंड भरतो. बरोबर बायको, दोन मुलं, एक कुत्रा. मित्रमंडळी म्हणतात, व्ही-८ नसेल तर पैसे पाण्यात. हे गृहस्थ विचारतात, "सहा सिलिंडरवर भरवसा ठेवू का?"

मी अकरा वर्षं मिशिगनमध्ये डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, इंजिनं चालवून कॅलिब्रेशनचं काम केलं. गेली आठ वर्षं डेन्व्हरच्या पश्चिमेला, जिथून डोंगर सुरू होतात तिथे, ओढकामाच्या पिकअपचं वर्कशॉप चालवतो. त्यामुळे तुमचा रस्ता मला पाठ आहे आणि त्या रस्त्यावर इंजिनांचं काय होतं तेही रोज पाहतो.

माझे वडील कराडला ट्रकचे फिटर होते. कुंभार्ली घाट चढून आलेली गाडी दारात लागली की ड्रायव्हरला त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "दम कुठं तुटला?" गाडीची ताकद किती हे त्यांना पाटीवर वाचता यायचं. दम मात्र घाटातच कळायचा. तुमच्या प्रश्नाचं मूळही तिथेच आहे. टीआरएक्सची ७०२ हॉर्सपॉवर की आरएचओची ५४० की रॅप्टरची ४५०, ही ताकदीची तुलना झाली. तुमच्या वापरात निर्णय लागतो तो सलग दहा-पंधरा मिनिटं, अकरा हजार फुटांवर, जुलैच्या दुपारी, मागे तीन टन घेऊन इंजिन काय करतं यावर.

मोआबला जाताना आय-७० वर आयझेनहॉवर बोगदा लागतो. त्याची उंची ११,१५८ फूट. जॉर्जटाउन सोडलं की चढ सुरू होतो आणि काही टप्प्यांत तो ६-७ टक्क्यांपर्यंत जातो. आता हिशोब करू. गाडी, माणसं आणि कॅम्पर मिळून जवळपास १२,९०० पौंड. ६ टक्के चढावर ५५ मैलांच्या वेगाने हे वजन वर न्यायला फक्त चढासाठी ११५ च्या आसपास हॉर्सपॉवर लागते. कॅम्परच्या रुंद तोंडावर आपटणारी हवा आणि टायरांचं घर्षण यांचे आणखी पन्नास-साठ धरा, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये जाणारा वाटा धरा. म्हणजे इंजिनाकडून सलग २०० ते २२० हॉर्सपॉवर हवी. तुमच्या यादीतलं सगळ्यात कमी ताकदीचं इंजिनही याच्या दुप्पट देतं. मग ताकदीची चिंता संपली का? पूर्ण नाही, कारण पाटीवरचा आकडा समुद्रसपाटीचा असतो.

अकरा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत ७१-७२ टक्के राहते. इंजिन हवा लिटरमध्ये ओढतं, पण इंधन जळायला ती ग्रॅममध्ये लागते. साधं, टर्बो नसलेलं इंजिन इथे आपली जवळपास तीस टक्के ताकद गमावतं. सुपरचार्जर असला की हा प्रश्न सुटतो असा बऱ्याच जणांचा समज आहे आणि तो चुकीचा आहे. सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून भरणारा ब्लोअर, पट्ट्याने क्रँकशाफ्टला बांधलेला असतो. क्रँकच्या एका फेऱ्यात तो ठरावीक घनफळाचीच हवा गिळणार. ती विरळ असेल तर पुढे विरळच जाणार, कारण जास्त वेगाने फिरण्याची त्याला मुभा नाही. टीआरएक्सचे ७०२ बोगद्यापाशी ढोबळमानाने पाचशेवर येतात. टर्बोचं वेगळं आहे. तो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. कंट्रोल युनिट वेस्टगेट, म्हणजे टर्बोला वगळून एक्झॉस्ट सोडणारी झडप, बंद करत नेतं, टर्बो आणखी जोरात फिरतो आणि कमी पडलेला दाब बराचसा भरून काढतो. म्हणजे खाली डेन्व्हरच्या शोरूममध्ये ७०२ आणि ५४० यांत दिसणारी दरी तुमच्या बोगद्यापाशी जवळपास बुजलेली असते. तुमच्या मित्रांचा सल्ला समुद्रसपाटीजवळच्या ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्यासाठी वेगळा ठरला असता. इथे तो लागू पडत नाही.

पण ही भरपाई फुकट होत नाही. जास्त फिरणारा टर्बो हवा जास्त तापवतो, ती थंड करणाऱ्या इंटरकूलरवर भार येतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं. आणि रेडिएटरमधून जाणारी हवासुद्धा तीच विरळ हवा आहे. म्हणजे टर्बोला सगळ्यात जास्त कष्ट पडतात तिथेच त्याला थंड करणारी हवा सगळ्यात कमी असते. छोट्या टर्बो इंजिनाचा दम तुटतो तो इथे. सिलिंडर कमी आहेत म्हणून तो तुटत नाही. उष्णता बाहेर टाकता येत नाही म्हणून तुटतो. यावर उपायही साधा आहे: उजव्या लेनमध्ये राहायचं, टो-हॉल मोड (ओढकामासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग) लावायचा, आरपीएम साडेतीन हजारांच्या आसपास ठेवायचे आणि ५५ चे ६५ करायचे नाहीत. कमी आरपीएमवर जास्त बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, मागण्यापेक्षा थोड्या जास्त आरपीएमवर मध्यम बूस्ट मागितलेला इंजिनाला सोसतो. आवाज वाढला म्हणजे इंजिनाला त्रास होतोय असं समजून लोक वरचा गिअर टाकतात. खरा त्रास तिथून सुरू होतो.

इथेच पेट्रोलचाही मुद्दा येतो. कोलोरॅडोत पंपावर ८५ ऑक्टेन 'रेग्युलर' म्हणून मिळतं. पूर्वीच्या साध्या इंजिनांना विरळ हवेत सिलिंडरमधला दाबच कमी मिळायचा, म्हणून ते चालून जायचं. टर्बो तो दाब परत आणतो, त्याबरोबर नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकण्याचा, धोकाही परत येतो. तुमच्या यादीतल्या कोणत्याही गाडीत ८५ घालायचं नाही. ओढकामाच्या दिवशी ९१ च, आणि आरएचओत तर रोजच.

तीन वर्षांपूर्वीचा एक अनुभव सांगतो. जुलैत एक ग्राहक सुपरचार्जर असलेला व्ही-८ पिकअप टो ट्रकवर घालून माझ्याकडे आले. डिलन तलावाकडे बोट ओढत निघाले होते. गाडी टेक्सासहून घेतलेली, आणि तिथल्या एका दुकानाने ब्लोअरची पुली बदलून, ९३ ऑक्टेन धरून ट्यून केलेली. सपाटीवर, चार-पाच सेकंदांच्या धडाक्यासाठी ते ट्यून उत्तम असेल. इथे मिळतं ९१, आणि चढ बारा मिनिटांचा. आत जाणारी हवा तापत गेली, स्पार्क मागे घ्यायला ट्यूनमध्ये जागाच ठेवलेली नव्हती. सातव्या सिलिंडरच्या पिस्टनचा रिंगजवळचा काठ तुटला होता. त्या गृहस्थांचा चेहरा अजून आठवतो. सुट्टीचा पहिला दिवस होता आणि मुलं मागच्या सीटवर लाइफजॅकेट घालून बसलेली होती. म्हणून वापरलेला टीआरएक्स बघायला जाल तेव्हा पुली कंपनीची आहे का आणि कंट्रोल युनिटला कधी हात लागलाय का, हे मायलेज विचारण्याआधी विचारा.

आता व्ही-८ च्या बाजूचं जे खरं आहे ते प्रामाणिकपणे सांगतो. बोगद्यानंतर उतार आहे. पेट्रोल इंजिनाचं ब्रेकिंग मुख्यतः थ्रॉटल बंद असताना हवा ओढण्याच्या कष्टातून येतं. ते घनफळ आणि आरपीएम यांवर ठरतं. ६.२ लिटर आणि ३ लिटर एकाच आरपीएमला असतील तर मोठं इंजिन ढोबळमानाने दुप्पट रोखून धरतं. उंचीवर बाहेरचा दाबच कमी, त्यामुळे ही रोखण्याची ताकद दोघांचीही घटते. सिल्व्हरथॉर्नच्या उतारावर छोट्या इंजिनाला एक-दोन गिअर आणखी खाली यावं लागतं आणि ट्रेलरचे ब्रेक नीट काम करत असावे लागतात. माझ्याकडे येणारे करपलेले ब्रेक पॅड बहुतेक वेळा अशाच गाड्यांचे असतात, ज्यांनी चढ झकास चढला आणि उतारावर पाय ब्रेकवरून काढला नाही. उतरायला सुरुवात करण्यापूर्वीच गिअर खाली घ्या. वेग वाढल्यावर घ्यायला गेलात तर उशीर झालेला असतो.

व्ही-८ चा दुसरा गुण म्हणजे ब्लोअरचा तत्काळ प्रतिसाद. वाळूत, टेकडीच्या माथ्यावरून पलीकडे उतरताना, पाय दाबला आणि त्याच क्षणी टॉर्क हवा असतो. टर्बोत एक छोटा श्वास लागतो. दोन छोटे टर्बो तो श्वास खूप आखूड करतात, तरी तो असतो. तुम्ही कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत दर महिन्याला जाणार असता आणि ट्रेलरचं नावही काढलं नसतं, तर मी टीआरएक्सच सांगितला असता. मोआबच्या खडकांवर मात्र लो-रेंजमध्ये पायी चालण्याच्या वेगाने जायचं असतं. तिथे या तिन्हींतला फरक चालवणाऱ्याच्या पायात जास्त आणि इंजिनात कमी असतो.

विश्वासार्हतेबद्दल: सिलिंडर मोजून ती ठरत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटरच्या, टर्बो नसलेल्या व्ही-८ साठी अमेरिकेतल्या सुमारे सहा लाख गाड्या परत बोलावल्या. कारण होतं क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमधले दोष. त्याआधी २०२४ मध्ये टोयोटाने टंड्राच्या दोन-टर्बो व्ही-६ साठी लाखभर गाड्या बोलावल्या होत्या, कारण मशीनिंगचा कचरा इंजिनात राहिला होता. एक जुन्या घराण्यातलं मोठं व्ही-८, दुसरं नव्या जातीचं व्ही-६. दोन्हीकडे चूक कारखान्यातल्या कामाची. डिझाइनच्या नावावरून भाकीत करणं मी कधीच सोडून दिलं आहे.

लोकांच्या मनात व्ही-८ इतका का बसलाय हे मला समजतं. २०१० चा पहिला रॅप्टर व्ही-८ च होता. ६.२ लिटरचा तो आवाज मलाही आवडायचा. २०१७ मध्ये फोर्डने त्यात ३.५ लिटरचं व्ही-६ घातलं तेव्हा आमच्या डायनो सेलमध्येही वाद झाले होते. पण आकडे बघा: जुन्याचे ४११ हॉर्सपॉवर आणि ४३४ पौंड-फूट टॉर्क, नव्याचे ४५० आणि ५१०. शिवाय पुढच्या चाकांवरचं ओझं हलकं. तरीही मागणी थांबली नाही, आणि २०२३ मध्ये रॅप्टर आर ५.२ लिटरचं, ७०० हॉर्सपॉवरचं सुपरचार्जर व्ही-८ घेऊन आला. त्याची किंमत लाखाच्या वर असल्यामुळे तुमच्या बजेटमध्ये तो बसत नाही, म्हणून इथेच सोडतो.

आता जी गोष्ट तुम्ही विचारलीच नाही, आणि माझ्या मते निर्णय जिथे अडणार आहे, ती सांगतो. पेलोड, म्हणजे गाडीने स्वतःच्या अंगावर घ्यायचं जास्तीत जास्त वजन.

कॅम्परचं १० ते १५ टक्के वजन हिचवर, म्हणजे तो गाडीला जोडतात त्या सांध्यावर, येतं. ६,२०० चे १३ टक्के धरले तर सुमारे ८०० पौंड. वजन वाटून देणाऱ्या हिचचे आणखी शंभर. म्हणजे माणूस बसण्याआधी ९०० पौंड गाडीवर चढले. टीआरएक्सचा पेलोड जास्तीत जास्त १,३१० पौंड. उरले ४१०. तुमचं चौघांचं कुटुंब आणि कुत्रा मिळून मी ५२० धरतो. गणित तिथेच संपलं. ७०२ हॉर्सपॉवर आहेत, ८,१०० पौंड ओढायची क्षमता कागदावर आहे, पण कुटुंब गाडीत बसलं की गाडी मर्यादेबाहेर गेली. रॅप्टरचा पेलोड १,४००, म्हणजे उरले ५००. वीस पौंडांनी हुकलं, आणि अजून कूलर चढवलेलाच नाही. आरएचओचा १,५२०. उरले ६२०, म्हणजे कुटुंब बसून शंभर पौंड शिल्लक. हे सगळे कंपनीचे सर्वोत्तम आकडे आहेत. सनरूफ आणि बाकी साजशृंगार जोडलेल्या प्रत्यक्ष गाडीवर ते कमी असतात.

वेगवान पिकअपच्या बाबतीत हे आजचं नाही. १९९१ च्या जीएमसी सायक्लोनमध्ये ४.३ लिटरचं टर्बो व्ही-६ होतं, २८० हॉर्सपॉवरचं. तो त्या काळच्या स्पोर्ट्स कारना मागे टाकायचा, आणि त्याचा पेलोड होता ५०० पौंड. २००४ च्या डॉज रॅम एसआरटी-१० मध्ये व्हायपरचं ८.३ लिटर व्ही-१० घातलेलं होतं, ५०० हॉर्सपॉवरचं. वेगासाठी गाडी घडवताना ओझ्याचा बळी जातो. तुमच्या यादीतल्या गाड्यांनी तो वाळवंटातल्या उड्यांसाठी दिलाय. लांब हालचालीचं, मऊ सस्पेन्शन उडी छान झेलतं आणि हिचवर ८०० पौंड आले की मागून बसतं. हेडलाइट वर बघायला लागतात, पुढच्या चाकांची पकड हलकी होते. अशा वेळी इंजिन कितीही चांगलं असलं तरी स्टिअरिंग धरणाऱ्याला ते वाचवत नाही.

म्हणून तुम्ही सांगितलेल्या परिस्थितीत माझं मत आरएचओकडे जातं. उंचीवर टर्बो हवा भरून काढतो, तिघांत पेलोड सगळ्यात जास्त, टीआरएक्सपेक्षा नाकावरचं वजन शंभराहून अधिक पौंडांनी कमी, आणि सहा सिलिंडर एका रांगेत असल्याने इंजिन मुळातच संतुलित, लांब चढावरही गुळगुळीत चालतं. अट एवढीच की कॅम्परच्या पाण्याची टाकी रिकामी ठेवून न्यायची आणि सामान पिकअपच्या बेडमध्ये न टाकता कॅम्परच्या अ‍ॅक्सलवर येईल असं रचायचं.

हे मत दोन गोष्टींनी बदलेल. कॅम्पर साडेचार हजारांच्या आत आणू शकलात तर रॅप्टरही तितकाच चांगला. त्याचं ३.५ लिटरचं इंजिन इतकी वर्षं इतक्या गाड्यांत फिरलंय की त्याच्या खोडी सगळ्या मेकॅनिकना ठाऊक आहेत, आणि सिलिंडरमध्ये थेट व पोर्टमध्ये अशा दोन्ही जागी इंधन सोडत असल्याने व्हॉल्व्हवर कार्बन साचण्याची तक्रार फारशी येत नाही. उलट, कॅम्पर पुढे मोठा घ्यायचा विचार असेल तर या तिन्ही गाड्या विसरा आणि जास्त पेलोडचा फोर्डचा साधा ३.५ टर्बो एफ-१५० बघा. डिझेल चालत असेल तर सिल्व्हराडो झेडआर२ मध्ये ३ लिटरचं डुरामॅक्स मिळतं. हॉर्सपॉवर ३०५ च, पण टॉर्क ४९५ पौंड-फूट आणि उतारासाठी एक्झॉस्ट ब्रेक. चढावर माझ्या हिशोबाचे २२० ते न कुरकुरता देईल. पेलोडचं स्टिकर मात्र तिथेही वाचाच.

इलेक्ट्रिकबद्दल एकच वाक्य: उंचीने मोटरला काही फरक पडत नाही आणि उतारावर ती सुंदर रोखते, पण असा कॅम्पर जोडला की पल्ला निम्म्याच्या आसपास येतो आणि मोआबचा रस्ता लांब आहे.

खर्चाचं सांगायचं तर टीआरएक्सची सरकारी सरासरी गॅलनला १२ मैल, रॅप्टरची १६. वर्षाला बारा हजार मैल धरले तर हजार गॅलन आणि साडेसातशे गॅलन. हा फरक रोजच्या वीस मैलांत पडतो, कॅम्पर वर्षातून चार वेळाच जोडला जातो. टर्बो घेतलात तर त्यातला थोडा पैसा तेलावर घाला. गाडीचा डिस्प्ले काहीही सांगो, ओढकाम असेल तर पाच हजार मैलांना तेल बदला. टर्बोचे बेअरिंग त्याच तेलावर जगतात. चढ संपल्यावर थांबायचं असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटं चालू ठेवा.

पैसे देण्यापूर्वी दोन कामं करा. कॅम्पर नेहमीसारखा भरा, सध्या जी गाडी आहे तिने किंवा एखाद्या मित्राच्या पिकअपने ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर न्या आणि हिचवर नेमकं किती येतं ते लिहून घ्या. माझे १३ टक्के हा अंदाज आहे, तुमचा कॅम्पर पुढून जड असेल तर १५ निघतील. मग शोरूममध्ये जाऊन ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंड, हे त्यावर त्या एका गाडीसाठी छापलेलं असतं. बॉनेट त्यानंतर उघडायला सांगा.